पिसणें आणि वाटणें

चातुर्मासांत दुपारचीं जेवणें आटोपलीं म्हणजे आमच्या माजघरांत पत्त्यांचा डाव बसे. खेळ बहुधा बदाम-सात. आमची आजी त्यांत हौसेनें भाग घेई. पण तिचा एक नियम फार कडक होता. डाव संपल्यावर ज्यानें पत्ते गोळा केले त्यानें ते पिसावयाचे नाहींत, दुसऱ्यानें पिसावयाचे. आणि पिसून झाल्यावर तिसऱ्यानें काटावयाचे. आम्हां पोरांस ह्या सोपस्काराचा कंटाळा. दोनदां पत्ते वरखालीं केले न केले तोंच वाटावयास सुरुवात. मग व्हावयाचें तेंच होई. बदाम-सातांत प्रत्येक रंगाचे पत्ते जमिनीवर ओळीनें लागलेले असतात. ते तसेच उचलून अर्धेमुर्धे पिसले, कीं चौकटचा पंजा आपल्या हातीं, छक्का शेजाऱ्याच्या आणि सत्ता त्याच्या पलीकडच्याच्या, असें खुशाल ओळखतां यावें. आजी म्हणे, "हे पिसले नाहींत, नुसते हलवले."

हलवणें आणि पिसणें ह्यांतील हा भेद आम्हांस खऱ्या अर्थानें कळला तो साठी उलटल्यावर, आणि तोहि पत्त्यांवरून नव्हे, तर घरच्या वाटणीवरून. हकीकत घरगुती आहे. परंतु वाटणीचे, पाळीचे आणि सोडतीचे प्रसंग घरोघर येतात, आणि आतां ते संगणकाकडे सोंपविण्याची चालहि पडत चालली आहे. म्हणून ती वाचकांपुढें ठेवितों.

आमचें वडिलार्जित आगर कोंकणांत आहे. आम्ही तिघे बंधु. वयानें आम्ही मधले. तीर्थरूपांच्या पश्चात् कित्येक वर्षें उत्पन्न एकत्रच राहिलें. पण पुढील पिढी चहूंकडे पांगली, तेव्हां मातुःश्रींच्या हयातींतच सलोख्यानें तीन वाटण्या कराव्या असें ठरलें. मोजणी झाली. क्षेत्रानें तिन्ही तुकडे सारखे. पण सारखेपणा कागदापुरताच. एका तुकड्यांत बारमाही विहीर. दुसरा सडकेस लागून. तिसरा दरडीकडचा, त्यास ना धड पाणी, ना धड वाट. तेव्हां निवड प्रथम कोणीं करावी, मग कोणीं, आणि उरलें तें कोणीं घ्यावें, एवढाच प्रश्न राहिला. रीतीप्रमाणें देवापुढें तांब्यांत चिठ्ठ्या टाकून घरांतील लहान मुलाकडून त्या काढवावयाच्या. परंतु थोरल्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास संगणकाच्या कामावर आहेत, ते म्हणाले, "अण्णाकाका, चिठ्ठ्या कशाला? कोणाची घडी जाड, कोणाची पातळ. उगाच शंकेस जागा. मी एक छोटा प्रोग्राम लिहितों. तिघांचीं नांवें घालायचीं, तो क्रम लावून देईल."

सर्वांस तें पटलें. वडीलकीच्या क्रमानें नांवें लिहिलीं. कळ मातुःश्रींच्या बोटानें दाबविली. पडद्यावर प्रथम आमचें नांव आलें, मग थोरल्या बंधूंचें, शेवटीं धाकट्यांचें. आम्हीं विहिरीचा तुकडा मागितला, थोरल्यांनीं सडकेचा घेतला, धाकट्यांच्या वाट्यास दरड आली. त्यांनीं चकार शब्द काढला नाहीं. साखर वांटली, आणि वाटणीपत्राच्या नोंदणीचा दिवस पुढील महिन्यांतला धरला.

आठ दिवसांनीं ओटीवर बसून चिरंजीवांनीं कौतुकानें आपली रीत आम्हांस समजावून सांगितली. सोपी होती. यादींतील पहिलें नांव घ्यावें. संगणकाकडून एक ते तीन ह्यांपैकीं कोणताहि आंकडा मागावा. आंकडा येईल त्या जागेवरील नांवाशीं त्याची अदलाबदल करावी. मग दुसऱ्या जागीं असेल त्या नांवाचें तसेंच. मग तिसऱ्याचें. ऐकावयास इतकें निर्दोष, कीं प्रथम आम्हांसहि त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. पण शाळेंत अनेक वर्षें अंकगणित शिकविलेल्या माणसास मोजून पाहिल्यावांचून चैन पडत नाहीं.

तीन नांवांचे क्रम किती? सहा. ही गणना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनीं सन ११५० मधील लीलावतींत 'अंकपाश' नांवाचें प्रकरणच घातलें आहे. त्यांत श्रीविष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म हीं चार आयुधें अदलून-बदलून धरल्यास मूर्तिभेद किती होतात, असा प्रश्न आहे, उत्तर २४. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांचे भेद ३६,२८,८००. एक, दोन, तीन अशा क्रमानें संख्या गुणीत जावयाच्या, इतकीच युक्ति. पण आंकडा पाहतां पाहतां केवढा वाढतो! आपल्या साध्या बावन पत्त्यांच्या जोडाचे क्रम मोजूं गेल्यास अडुसष्ट आंकडी संख्या येते. तेव्हां नीट पिसलेला जोड हातीं घेतला, तर नेमका तोच क्रम पूर्वीं जगांत कोणाच्या हातीं आला नसेल, असें मानावयास हरकत नाहीं. आणि नीट पिसणें म्हणजे तरी काय? ह्या सर्व क्रमांपैकीं प्रत्येकास वर येण्याची संधि अगदीं सारखी असणें. आंकडे वेडेवांकडे दिसले म्हणजे पिसणें झालें, असें नव्हे.

आतां चिरंजीवांच्या रीतीकडे वळूं. तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीस तीन वाटा. म्हणून एकंदर वाटा ३ × ३ × ३, म्हणजे २७. ह्या सत्तावीस वाटा सहा क्रमांत वांटावयाच्या. वाचकांच्या घरांतील चौथीचें मूलहि सांगेल, कीं सत्तावीसास सहानें निःशेष भाग जात नाहीं. मग समान वांटणी होणार कशी? कोणास चार वाटा, तर कोणास पांच, असें होणें अटळ आहे.

आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन सत्तावीसहि वाटा मांडल्या. थोरल्यांस 'थ', आम्हांस 'म' आणि धाकट्यांस 'ध' म्हटलें, तर थ-म-ध हा क्रम चार वाटांनीं येतो, थ-ध-म पांच वाटांनीं, म-थ-ध पांच, म-ध-थ पांच, ध-थ-म चार, ध-म-थ चार. आतां पहिलें नांव कोणाचें तें पाहा. थोरल्यांचें नऊ वेळां. आमचें दहा वेळां. धाकट्यांचें आठ वेळां. तिसऱ्या जागेचा हिशेब मात्र तिघांचा सारखा, नऊ-नऊ. म्हणजे यादींत मध्यें बसलेल्यास विहिरीची संधि अधिक आणि शेवटीं बसलेल्यास कमी. आणि हें सर्व कळ दाबण्यापूर्वींच ठरून गेलेलें!

चिरंजीवांस हें प्रथम पटेना. त्यांनीं आपली रीत संगणकावर लाखों वेळां चालवून मोजदाद करविली. आंकडे आमच्या कागदाशीं जुळत आले. मग ते ओशाळून म्हणाले, "काका, ह्यासाठीं तयार फंक्शन आहे. मीच शहाणपणा करून स्वतः लिहायला गेलों."

हें तयार फंक्शन म्हणजे काय तें सांगावयास हवें. प्रोग्राम लिहिणारे लोक प्रत्येक गोष्ट नव्यानें लिहीत नाहींत. वर्गमूळ काढणें, याद्या अकारविल्हे लावणें अशा नित्य लागणाऱ्या कृति जाणत्यांनीं एकदांच लिहून कोठारांत ठेविलेल्या असतात. त्या कोठारास ते लायब्ररी म्हणतात. पायथन नांवाच्या, आजकाल शाळांतूनहि शिकविल्या जाणाऱ्या भाषेंत 'रॅण्डम' हें असें एक कोठार असून त्यांत 'शफल' नांवाची कृति आहे. तिच्या हातीं यादी द्यावी, ती यादी पिसून ठेविते. गंमत अशी, कीं ती नवी यादी परत करीत नाहीं; दिलेली यादीच जागच्या जागीं पिसते. ही गोष्ट न जाणणारे नवशिके उत्तराची वाट पाहतात आणि त्यांच्या हातीं शून्य येतें. जावा आणि पीएचपी ह्या भाषांच्या कोठारांतहि अशी कृति आहे. जावास्क्रिप्टमध्यें मात्र ती नाहीं, आणि त्यामुळें काय झालें तें पुढें येईलच.

ह्या कृतीच्या पोटांत जी रीत आहे ती संगणकाहून जुनी आहे. तिचा जन्म शेताच्या तुकड्यांवरूनच झाला म्हटलें तरी चालेल, आणि म्हणूनच आम्हांस तिची अधिक गोडी वाटली. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें शेतकीची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथें १९१९ पासून रोनाल्ड फिशर हे सांख्यिक काम करीत होते. कोणतें खत चांगलें हें ठरवावयाचें, तर निरनिराळ्या तुकड्यांस निरनिराळीं खतें घालून पीक मोजावें लागतें. पण एकाच शेतांत इकडची माती कसदार, तिकडची निकस. आपल्या मनानें तुकडे निवडले, तर आपल्या नकळत आवडत्या खतास चांगली जमीन मिळावयाची. फिशर ह्यांचें म्हणणें असें, कीं कोणत्या तुकड्यास कोणतें खत हें माणसानें ठरवूंच नये. तें यदृच्छेवर सोडावें. मात्र यदृच्छा खरी असावी. ह्याच कामासाठीं त्यांनीं आपले सहकारी फ्रँक येट्स ह्यांजसह १९३८ सालीं कोष्टकांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्यांत क्रम पिसण्याची रीत घालून दिली. त्याच सुमारास, १९३७-३८ च्या हिंवाळ्यांत, फिशर महालनोबीस ह्यांच्या कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेंत येऊन गेले होते.

त्यांची रीत शाळामास्तरास चटकन् समजावी अशी आहे. चाळीस मुलांची रांग समोर उभी आहे. एक ते चाळीस ह्यांपैकीं कोणताहि आंकडा घ्यावा. समजा सतरा आला. सतराव्या मुलास बाहेर बोलावून नव्या रांगेंत पहिलें उभें करावें. आतां जुन्या रांगेंत एकोणचाळीस राहिले. म्हणून एक ते एकोणचाळीस ह्यांपैकीं आंकडा घ्यावा, आणि उरलेल्यांत त्या क्रमांकाच्या मुलास बोलवावें. असें शेवटचें मूल उरेपर्यंत. सारें मर्म एवढ्यांतच आहे: ज्याची जागा एकदां ठरली त्यास पुन्हा घोळांत घ्यावयाचें नाहीं. पहिल्या खेपेस चाळीस वाटा, दुसऱ्या खेपेस एकोणचाळीस, मग अडतीस. त्यांचा गुणाकार तोच, जो अंकपाशांतील क्रमांची संख्या. एका क्रमास एकच वाट. कोणास चार आणि कोणास पांच हा प्रश्नच उरत नाहीं.

कागदावर हें काम किचकट होतें, कारण खोडलेलीं नांवें वगळून दर वेळीं मोजावें लागतें. १९६१ सालीं आपले थोर सांख्यिक सी. आर्. राव ह्यांनींहि यदृच्छेनें क्रम लावण्याची एक रीत 'संख्या' ह्या नियतकालिकांत मांडली. संगणकासाठीं फिशर-येट्स रीत सुटसुटीत केली ती रिचर्ड डर्स्टनफेल्ड ह्यांनीं, १९६४ सालीं. खोडाखोड नको, ज्याचा आंकडा आला त्याची रांगेंतील शेवटच्याशीं अदलाबदल करावी, त्या शेवटच्या जागेस कुलूप घालावें, आणि उरलेल्यांत पुन्हा तेंच करावें. डोनाल्ड नुथ ह्यांनीं १९६९ च्या आपल्या ग्रंथांत तिचा समावेश केल्यावर ती सर्वत्र पसरली. चिरंजीवांच्या रीतींत आणि हिच्यांत फरक पाहूं गेल्यास एका आंकड्याचा: दर पायरीस 'तीनांपैकीं' म्हणावयाचें, कीं 'उरलेल्यांपैकीं'.

घरांत ही गोष्ट काढावी कीं नाहीं, ह्याचा आम्ही दोन दिवस विचार करीत होतों. खरें सांगावयाचें तर न काढण्याकडेच मन ओढ घेत होतें. विहीर आमची झाली होती. फरक तो केवढा! सत्तावीसांत एकाचा. आणि ज्या खेपेस कळ दाबली त्या खेपेस त्या एकाच्या फरकामुळेंच आमचें नांव वर आलें, असें कोण सिद्ध करणार? निर्दोष रीतीनेंहि तोच क्रम येऊं शकला असता. एकटा निकाल पुढ्यांत ठेवून सोडत खरी कीं खोटी हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं, इतका हा विषय निसरडा आहे.

शेवटीं रात्रीच्या जेवणानंतर विषय काढला. थोरले बंधु म्हणाले, "अरे, तिसरेपण तिघांना सारखंच होतं ना? मग आतां उकरून काय काढायचं? मुलानें कांहीं मुद्दाम केलेलं नाहीं." धाकटे बंधु म्हणाले, "अण्णा, राहूं द्या. मला दरड चालेल." पण धाकट्या भावजय ताक घुसळतां घुसळतां थांबल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, सत्तावीसांत एक म्हणजे थोडंच. पण तें थोडं आमच्या पदरचं गेलं, तें कोणाला विचारून?" ह्यावर कोणापाशींच उत्तर नव्हतें.

थोरल्यांचा दुसरा मुद्दा असा होता, कीं मग चिठ्ठ्याच बऱ्या. हातानें केलेल्यांत असले घोटाळे नसतात. ह्यांत मात्र त्यांची भूल होती. अमेरिकेंत १ डिसेंबर १९६९ रोजीं वॉशिंग्टन येथें एक सोडत निघाली. व्हिएतनामच्या युद्धासाठीं तरुणांस सक्तीनें सैन्यांत घ्यावयाचें होतें, आणि कोणास आधीं बोलवावें हें जन्मतारखेवरून ठरावयाचें होतें. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ डब्यांत घालून त्या एका भांड्यांतून हातानें काढल्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. पण डब्या भरतांना महिन्यामागून महिना अशा टाकल्या होत्या, आणि ढवळणें अपुरें झालें; त्यामुळें वर्षाच्या अखेरच्या तारखा वरच राहिल्या आणि लवकर हातीं लागल्या. त्या सोडतींतील १९५ व्या क्रमांकापर्यंतचे तरुण पुढें बोलाविले गेले. डिसेंबरच्या एकतीस तारखांपैकीं ह्या मर्यादेपलीकडे राहिल्या त्या अवघ्या पांच. ढवळणें नीट झालें असतें तर चौदांच्या आसपास राहावयास हव्या होत्या. डिसेंबरांत जन्मलेल्या मुलांच्या आयांस ह्याचा अर्थ काय झाला असेल! पुढल्या वर्षीं त्या सरकारनें पद्धत बदलली. हातानें केलें म्हणून निर्मळ, असें नाहीं. आमची आजी जें म्हणे तेंच: डब्या हलवल्या होत्या, पिसल्या नव्हत्या. हातानें पत्ते पिसण्याबद्दलहि गणित झालें आहे. जोडाचे दोन भाग करून ते एकमेकांत सरकवीत पिसल्यास बावन पत्त्यांस सुमारें सात वेळां तसें करावें लागतें, असें बेयर आणि डायकोनिस ह्या दोघांनीं १९९२ सालीं दाखविलें. आपल्याकडे गड्डींतून थोडेथोडे पत्ते काढून वर टाकण्याची जी चाल आहे, तिला ह्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. आम्ही पोरें दोनदां करीत होतों!

जाणत्यांच्या हातूनहि ही चूक होते, हें कळल्यावर चिरंजीवांचा चेहरा जरा उजळला. २०१० सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीस युरोपांतील अधिकाऱ्यांच्या निर्णयाप्रमाणें गिऱ्हाइकांपुढें निरनिराळ्या कंपन्यांचे ब्राउझर निवडीसाठीं मांडावे लागले, आणि त्यांतील प्रमुख पांचांचा क्रम दर वेळीं पिसून दाखवावयाचा होता. वर सांगितल्याप्रमाणें जावास्क्रिप्टच्या कोठारांत पिसण्याची कृति नाहीं. तेव्हां लिहिणारानें क्रम लावण्याची कृति घेतली, आणि 'ह्या दोहोंत मोठें कोणतें' असें तिनें विचारलें कीं उत्तर नाणें उडवून द्यावें, अशी योजना केली. पण क्रम लावणारी कृति समजते, कीं राम गोविंदाहून उंच आणि गोविंद हरीहून उंच, तर राम हरीहून उंच असलाच पाहिजे. नाणें उडविणाऱ्या साक्षीदारास असली संगति कोठली? निकाल असा, कीं मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर वापरून तें पान उघडलें, तर त्याच कंपनीचा ब्राउझर जवळजवळ निम्म्या वेळां अगदीं शेवटीं, पांचव्या जागीं येई. शेकडा वीस यावयाचा तो शेकडा पन्नास! स्वतःचेंच नुकसान करणारी ही लबाडी कोण करील? चूकच होती, आणि दाखवून दिल्यावर लौकरच दुरुस्त झाली.

पोकर ह्या जुगाराच्या खेळांतील १९९९ ची गोष्ट ह्याहून गंभीर. इंटरनेटवरील एका अड्ड्याच्या प्रोग्रामकारांनीं आपली पिसण्याची रीत किती सचोटीची आहे हें दाखविण्यासाठीं ती उघड छापली. कांहीं तज्ज्ञांनीं ती वाचली. पिसण्यांत दोष होताच. पण खरें भगदाड दुसरीकडे निघालें. संगणक यदृच्छेचे आंकडे आणतो कोठून? बहुधा तो गणितानेंच करतो. एक आरंभीचा आंकडा घ्यावयाचा, त्यास बीज म्हणतात. त्यावर ठराविक क्रिया करीत गेलें कीं आंकड्यांची लांबच लांब ओळ बाहेर पडते. ती दिसावयास यदृच्छेची, पण बीज तेंच तर ओळ तीच. ह्या अड्ड्यावर बीज म्हणजे मध्यरात्रीपासून लोटलेल्या मिलिसेकंदांची संख्या. दिवसाचे मिलिसेकंद ८,६४,००,०००. अडुसष्ट आंकडी क्रमांच्या समुद्रांतून हें यंत्र एवढेच साडेआठ कोटि लोटे उपसूं शकत होतें. आणि यंत्राच्या घड्याळाशीं आपलें घड्याळ जुळविलें, तर शोधावयाचे सुमारें दोन लाखच. आपले दोन पत्ते आणि पटावर उघडलेले तीन एवढे पाहून त्या तज्ज्ञांच्या प्रोग्रामास सर्वांचे हात ओळखतां येऊं लागले.

बीज लहान असेल तर पिसण्याची रीत कितीहि शुद्ध असून भागत नाहीं. बत्तीस द्व्यंकी स्थानांचें बीज पुष्कळ ठिकाणीं वापरीत. त्याचे प्रकार ४,२९,४९,६७,२९६. तेराच वस्तूंचे क्रम मोजा: ६,२२,७०,२०,८००. म्हणजे तेरा मुलांच्या रांगेचेहि कांहीं क्रम असे, कीं ते जन्मांत कधीं निघावयाचे नाहींत. पायथनच्या कोठारांत जें आंकड्यांचें यंत्र आहे तें मात्सुमोतो आणि निशिमुरा ह्या दोघां जपान्यांनीं केलेलें. त्याची ओळ इतकी लांब, कीं तिच्या लांबीची संख्या लिहावयास सहा हजारांवर आंकडे लागतात. तरीहि त्या भाषेच्या मार्गदर्शिकेंत स्पष्ट इशारा आहे, कीं २०८० पदांहून लांब यादीचे सर्व क्रम ह्या यंत्रास पुरे पडणारे नाहींत, आणि जेथें गुप्ततेचा संबंध असेल तेथें हें यंत्र वापरूं नये. त्यासाठीं संगणकाच्या बाहेरील घडामोडींतून बीजें गोळा करणारी निराळी सोय आहे. आपल्या कृतीचें उणें तिच्याच कागदपत्रांत लिहून ठेवण्याची ही पद्धत आम्हांस फार आवडली. पाठ्यपुस्तकें लिहिणारांनीं ती उचलावी!

हें सर्व घरच्या तीन नांवांपुरतें नाहीं. शिक्षणहक्काच्या कायद्याखालीं खासगी शाळांतील शेकडा पंचवीस जागांचे प्रवेश आपल्या राज्यांत संगणकाच्या सोडतीनें होतात. म्हाडाच्या घरांची सोडतहि संगणकावर निघते. ह्या सोडती सदोष आहेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु सोडतींत नांव न आलेला बाप 'नशीब!' म्हणून घरीं परततो, तेव्हां तें नशीबच होतें, कीं कोणाच्या रीतींतील सत्तावीसांपैकीं एक होता, हें त्यास नुसत्या निकालावरून कळणें शक्य नाहीं. रीत कोणती, बीज कोठून घेतलें, हें विचारण्याचा त्याला हक्क आहे, आणि विचारल्यास सांगणाराचा मान त्यामुळें कमी होत नाहीं. आमच्या चिरंजीवांनीं आपली रीत ओटीवर उलगडून सांगितली म्हणूनच ती आम्हांस तपासतां आली. पडद्यामागें ठेविली असती, तर विहीर आमची राहिली असती आणि झोपहि शांत लागली असती.

वाटणीपत्राची नोंदणी अद्याप व्हावयाची होती; म्हणून पुन्हा एकदां क्रम काढावा असें ठरलें. चिरंजीव म्हणाले, आतां कोठारांतील 'शफल' वापरूं. रीत शुद्ध, ह्यांत शंका नव्हती. पण मातुःश्री म्हणाल्या, "मला दिसेल असं करा." तेव्हां आम्हीं फिशर-येट्स ह्यांचीच रीत सारीपाटाशेजारच्या डब्यांतील सहा बाजूंच्या एका फांशानें केली. नांवें पूर्वींच्याच क्रमानें. एक-दोन पडल्यास पहिलें नांव, तीन-चार पडल्यास दुसरें, पांच-सहा पडल्यास तिसरें. मग उरलेल्या दोघांसाठीं विषम पडल्यास वरचें, सम पडल्यास खालचें. सहास तिहींनीं आणि दोहोंनीं दोन्हींनीं भाग जातो, हें आमच्या आठ वर्षांच्या नातीनें न विचारतांच सांगितलें. फांसा मातुःश्रींनीं टाकला. प्रथम दोन पडले. दुसऱ्या खेपेस सहा.

थोरले बंधु पहिले, धाकटे दुसरे, आम्ही तिसरे. थोरल्यांनीं गुडघ्यांच्या दुखण्यापायीं सडकेचाच तुकडा पुन्हा घेतला. विहीर धाकट्यांकडे गेली. दरडीकडच्या आमच्या तुकड्यांत काजूचीं पांच झाडें आहेत आणि एक जुना फणस. पाण्यासाठीं विहिरीवरून नळी न्यावी लागेल, आणि त्याविषयीं धाकट्या बंधूंशीं बोलणें अद्याप व्हावयाचें आहे.